जनतेसाठी खुलं दालन

प्रिय टिल्लू,

पहिल्याच शब्दाला तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. पन्नाशीला टेकलेल्या, दाराबाहेर पितळी पाटी असलेल्या करसल्लागाराला टिल्लू कोण म्हणतं? मी म्हणते. तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, मला कुणाची परवानगी लागत नाही. आणि पत्र अशासाठी की फोन केला की तुझी सेक्रेटरी सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. पोरगी गोड बोलते. परवा मी म्हटलं, बहीण बोलतेय म्हणून सांग, तर तिने विचारलं, कोणत्या कंपनीकडून. तेव्हापासून मी फोनचा नाद सोडला.

आधी बातमी देते. वारसा कराची शेवटची नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत भरणा झाला नाही तर अप्पांचं फ्रेमचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या लिलावात जातील, आणि मी रस्त्यावर. साठी उंबरठ्यावर आली, मला दुसरं काही येत नाही. काच कापता येते, कोपरा जुळवता येतो, गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोला सोनेरी फ्रेम शोभणार नाही हे त्याला न दुखवता सांगता येतं. एवढ्या भांडवलावर मला नवीन जागी दुकान कोण मांडू देणार? शेजारचा चष्मेवाला रोज सकाळी येऊन माझं सांत्वन करतो, आणि करता करता मधल्या भिंतीवर बोटाने टकटक करून बघतो. ती पाडली तर त्याचं दुकान केवढं होईल याचा अंदाज घेत असतो. माणूस वाईट नाही, त्याला जरा घाई आहे एवढंच.

हे सगळं झालं कसं ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. मूल्यांकनाला जो अधिकारी आला तो भला माणूस होता. त्याने यंत्र लावून खोल्या मोजल्या, छताची ओल बघितली, जिन्याची हलणारी पायरी बघितली आणि म्हणाला, बाई, काळजी करू नका, मिळकत माफीच्या मर्यादेत बसतेय. मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला. तो चहाच नडला. कप हातात घेऊन तो दुकानात फिरायला लागला आणि अप्पांच्या टेबलासमोरच्या भिंतीपाशी थांबला. तिथे ते चित्र आहे ना, नदीकाठी दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई. हे कुणाचं, असं त्याने विचारलं. मी चित्रकाराचं नाव सांगितलं, बंगलेवाल्या बाईंनी अप्पांना भेट दिलंय हेही कौतुकाने सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाईंच्या बंगल्यात त्याच चित्रकाराची चित्रं आहेत, त्यांच्या दालनामुळे त्याला मेल्यावर भाव आला, आणि त्या भावाने आमचं हे वीतभर चित्र घरापेक्षा महाग ठरलं. मर्यादा ओलांडली. आणि एकदा ओलांडली की पहिल्या पैशापासून कर, घरावरही आणि चित्रावरही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्याने नाकच कापून नेलं.

ती भेट कसली होती हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला लिहायचंय. बाईंचा नवरा, गिरणीवाला, गेला त्या वर्षी त्यांनी दालनातल्या सगळ्या चित्रांना नव्या फ्रेम करून घेतल्या. अप्पांनी पूर्ण उन्हाळा दुसरं काम घेतलं नाही. बिल गेलं तेव्हा बाईंनी अर्धे पैसे दिले आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल हे एक छोटं चित्र पाठवलं, वर दोन ओळींची आभाराची चिठ्ठी. तेव्हा त्या चित्राला कुणी विचारत नव्हतं. अप्पा वाण्याला चित्र दाखवून किराणा आणणार होते की काय, देव जाणे. त्यांनी ते भिंतीवर लावलं आणि मरेपर्यंत त्याच्यासमोर बसून काम केलं.

आता तू म्हणशील, ताई आता कराच्या नावाने शंख करणार. तसं नाही. मला कर मान्य आहे. मेलेल्या माणसाची मिळकत पोरांना आयती मिळते, त्यातला वाटा चारचौघांच्या कामाला गेला तर कुणाचं काय बिघडलं? आईचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, तू सरकारी कॉलेजात शिकलास, ते काय आभाळातून पडलं होतं? अप्पाही हेच म्हणायचे. माझं दुखणं वेगळं आहे. गिरणीवाला गेला तेव्हा त्याच्या चित्रांवरचा कर माफ झाला, चित्रं ज्या भागात लावली होती तो बंगल्याचा अख्खा भाग माफ झाला, का, तर म्हणे तो जनतेचा ठेवा, जनतेसाठी खुला. आणि त्याच दालनातून हाकललेलं एक चित्र आमच्या भिंतीवर आलं तर आमचं घर विकायला काढावं लागतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण संन्याशाला स्वतःच्या खर्चाने दोरही आणायला लावतात हे आत्ता कळलं.

अप्पांचं सगळं आटोपल्यावर तू जेवायला बसला होतास तेव्हा मी हे बोलले होते. तू हसलास. कर बुडवणं वेगळं आणि वाचवणं वेगळं, असं म्हणालास. कायद्यात वाट ठेवलेली असते, ती ज्याला दिसते तो त्या वाटेने जातो, यात अन्याय कसला. बरोबर आहे. फक्त ती वाट दाखवणाऱ्याची फी आमच्या घराच्या किमतीएवढी असते, हे तू बोलायचं विसरलास. आणि मग म्हणालास, ताई, वाद घालत बसू नकोस, घर वेळेत विकून टाक, मी तुला माझ्या बाजूला एखादी खोली बघून देतो. तू तुझा वाटाही माझ्या नावावर सोडला होतास, सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. मलाही तेव्हा तसंच वाटलं. एक गोष्ट मात्र खटकली होती. मी म्हटलं की चित्र विकून कर भरते, तर तू घास हातात धरून थांबलास आणि म्हणालास, चित्राला हात लावू नकोस, अप्पांची आठवण आहे. वडिलांच्या आठवणीसाठी वडिलांचं घर विकायला सांगणारा मुलगा मी तेव्हा पहिल्यांदाच बघितला.

नोटीस आली तेव्हा मी चित्र कापडात गुंडाळून एका चित्रविक्याकडे नेलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग खुर्ची दिली. चहा विचारला. मग चित्र पालथं करून त्याने मागचे खिळे काढले आणि पुठ्ठा उचलला, आणि त्याचा चेहरा उतरला. मला बोलावून दाखवलं. कॅनव्हास चारही बाजूंनी कापलेला होता. रंगवलेला भाग कापलेला, टिल्लू, मागे मुडपलेला रिकामा काठ नाही. मी इतकी वर्षं त्या चित्राकडे बघत आले आणि मनात म्हणत आले की चित्रकार दोरीचा खांब काढायला विसरला. तो विसरला नव्हता. खांब आमच्याच घरी कापला गेला होता. चित्रविक्या म्हणाला, बाई, याला आता कुणी विचारणार नाही, कापलेलं चित्र म्हणजे मेलेलं चित्र. त्याने चहाचंही परत विचारलं नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती पैशासाठी नाही. अप्पांनी गिऱ्हाइकाची वस्तू कापली हे मला झेपेना. ज्या माणसाने शाळामास्तरांच्या प्रमाणपत्राची कोपऱ्यावरची फाटकी चिंधीसुद्धा काढली नाही, तिच्यासाठी फ्रेम वाढवली, तो माणूस. फ्रेम चित्रासाठी असते, चित्र फ्रेमसाठी नाही, हे आपण दोघं त्यांच्याकडून किती वेळा ऐकलंय. आणि आणखी एक होतं. चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये फट उरते तिथे आपण पुठ्ठ्याच्या पट्ट्या भरतो. अप्पांनी तिथे कॅनव्हासच्या पट्ट्या भरल्या होत्या. आपल्याकडे काही वाया जात नाही, माहीतच आहे तुला. त्यातल्या काही या चित्राच्या होत्या, खांबही सापडला. बाकीच्या दुसऱ्याच चित्रांच्या होत्या. एकीवर समुद्र होता, एकीवर घोड्याचे खूर, आणि एकीवर चित्रकाराची अर्धी सही.

म्हणून मी बंगल्यावर गेले. जनतेसाठी खुलं आहे ना, मग जनता म्हणून गेले. फाटकावर घंटा आहे, पण पाटी नाही. पहारेकरी म्हणाला, आधी लेखी कळवावं लागतं. मी लेखी कळवलं. उत्तर आलं की दुरुस्ती चालू आहे. पुन्हा कळवलं, तर म्हणे तारीख ठरवून सांगू. खुलं कसं ठेवायचं की कुणी येणार नाही, याचीही कला असते, आणि ती शिकवणारा माझ्याच आईच्या पोटी जन्मला. शेवटी मी कामाचे कपडे घातले, हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेतला आणि पहारेकऱ्याला सांगितलं, फ्रेम बघायला आलेय. फाटक लगेच उघडलं. जनतेला मज्जाव आहे, मिस्त्रीला नाही.

दालन तू बघितलंच आहेस. मधोमध त्यांचं जेवणाचं टेबल आहे. आम्ही कर भरून जो ठेवा जपतो त्याच्या समोर ते जेवतात. मी गेले तेव्हा नोकर काटेचमचे मांडत होता. बाई आता थकल्यात, खुर्चीवर होत्या, मला ओळखलं नाही. मी त्यांच्यावर चिडायचं ठरवून गेले होते आणि त्यांना तसं थकलेलं बघून तेही नीट जमेना, याचाही मला राग आला. फ्रेम अजून ठणठणीत आहेत, एकही कोपरा सुटलेला नाही. अप्पांचं काम. आणि सगळी चित्रं एका मापाची, भिंतभर एका रेषेत. नोकर अभिमानाने म्हणाला, आधी लहानमोठी होती, वेडीवाकडी दिसायची, बाईसाहेबांनी सारखी करून घेतली, एक छोटं मात्र काही केल्या रेषेत बसेना, ते देऊन टाकलं. मी घोड्याचं चित्र शोधलं. घोडा होता, खूर नव्हते. भिंतीवर घोडा हवेत उभा, आणि त्याचे खूर आमच्या घरी.

घरी येऊन मी अप्पांच्या खुर्चीत बसले. आधी वाटलं, म्हातारा लाचार झाला. मग आठवलं ते कोणतं साल होतं. आई दवाखान्यात होती, मी तिच्या उशाशी. सगळा उन्हाळा मी दुकानात पाऊल टाकलं नाही, पैसे मात्र कुठून तरी येत होते. त्या अर्ध्या बिलातले काही बाईंनी आगाऊच दिले असणार, आणि ते औषधाला गेले असणार. त्यानंतर कामाला नाही म्हणायला माणसाकडे काय उरतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अप्पांनी आईसाठी कापलं. त्यांना मी त्याच दिवशी माफ केलं, म्हणजे माफ करणारी मी कोण, पण केलं.

आणि मग माझी नजर कोपऱ्यातल्या लांब पट्टीवर गेली. तुला आठवते ती, पुरुषभर लांब, लोखंडी. मोठा कॅनव्हास कापायचा तर ती पट्टी एका माणसाला धरता येत नाही. एक टोक दाबलं की दुसरं सरकतं आणि सुरी आत जाते. दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. कायम मी असायचे. त्या उन्हाळ्यात मी नव्हते. तू होतास, परीक्षा संपवून घरी आलेला. तू दवाखान्यात आलास तेव्हा तुझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आईने विचारलं तर तू काच लागली म्हणालास, आणि अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. तेवढं मला लख्ख आठवतंय.

पट्टी धरली म्हणून मी तुझ्यावर रागावले नाही रे. पोर होतास, बापाने धर म्हटलं आणि धरलीस. पण त्याच थंडीत बाईंनी शब्द टाकला आणि तुला त्या सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली, आणि तू हाताळलेलं पहिलं प्रकरण त्यांचंच. माफीचा अर्ज तू लिहिलास. चित्रं मूळ स्वरूपात जपलेली आहेत, माफीची अटच ती, असं लिहून खाली सही केलीस. अप्पांनी कामाच्या टेबलावर पेपर ठेवून त्या माफीची बातमी वाचली होती, जनतेसाठी नवं दालन म्हणून, आणि तुझं नाव होतं. मी आनंदाने वाचून दाखवायला गेले तर ते म्हणाले, वाचलं. तुझ्या नव्या घरी ते कधी राहायला आले नाहीत, तू म्हणायचास म्हाताऱ्याला माझी श्रीमंती बघवत नाही. मीही त्यांना हट्टी म्हणत राहिले. ते तुझ्याविरुद्ध एक अक्षर न बोलता गेले. मुलगा खोटं लिहितोय हे ज्या बापाला माहीत असतं आणि ते खोटं आपल्याच हाताने कापलेलं असतं, तो बोलणार तरी कुणाला?

आणि तू माझं घर विकायला सांगत होतास. चित्र कुणी उघडू नये म्हणून. मला ते लिहितानाही लाज वाटते, तुला बोलताना कशी वाटली नाही? बंगल्याला अंगण आहे, बाग आहे, तीन पिढ्यांचं आयतं आहे, तरी त्याच्यावर ओरखडा नको, आणि ताईच्या दोन खोल्या गेल्या तर चालतील. तू त्यांना वाचवता वाचवता त्यांच्यातलाच झालास, फक्त त्यांनी तुला जेवणाच्या टेबलाशी बसवलं का, हे मला माहीत नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. मी फेरमूल्यांकन मागितलंय. मंगळवारी तो अधिकारी एका जाणकाराला घेऊन येईल आणि माझ्यासमोर फ्रेम उघडेल. कापलेलं चित्र कवडीमोल ठरेल, मिळकत मर्यादेत येईल, घर वाचेल. हे सोपं आहे, आणि आणखी सोपं करता येतं, तूही तोच सल्ला दिला असतास: दुसऱ्या चित्रांच्या पट्ट्या आधीच काढून टाकायच्या आणि म्हणायचं, म्हाताऱ्याचा हात चुकला. मग कुणी पुढे विचारत नाही. बंगला सुखी, तू सुखी, मी सुखी, बदनाम फक्त अप्पा, आणि ते काय, मेलेले. मी पट्ट्या काढल्या होत्या, खोटं कशाला बोलू. स्टोव्हही पेटवला होता. मग विझवला आणि सगळ्या होत्या तशा आत भरून खिळे ठोकले. मंगळवारी समुद्र, घोड्याचे खूर आणि अर्धी सही टेबलावर येणार. कुणाच्या सांगण्यावरून कापलं आणि पट्टीचं दुसरं टोक कुणी धरलं, असं त्यांनी विचारलं तर मी तुझं नाव घेणार. पण जो स्वतःहून आधी येऊन सांगतो त्याला कायद्यात दंडाची सूट असते, असं तूच एकदा मोठ्या ऐटीत म्हणाला होतास. पत्र तुला शुक्रवारी मिळेल. लोकांना तू आयुष्यभर सवलती मिळवून दिल्यास, ही एक तुझ्या बहिणीकडून तुला, सोमवारी कराचं ऑफिस बंद होईपर्यंत. त्यानंतर माझ्याकडे तुला द्यायला काही उरणार नाही.

तरीही तुझीच,
ताई